थंड हवेचे ठिकाण

एका इंग्रजी आठवणींच्या पुस्तकाचा अनुवाद करताना मी ‘हिल स्टेशन’पाशी अडले. खरे तर अडण्याचे कारण नव्हते. शाळेच्या भूगोलापासून पाठ झालेला प्रतिशब्द हाताशी होता : थंड हवेचे ठिकाण. तो लिहिला आणि मग लक्षात आले की इंग्रजी शब्दात डोंगर आहे, हवा नाही. मराठी शब्दात हवा आहे, डोंगर नाही. मधल्या मध्ये डोंगर गेला कुठे?

डोंगर मराठीला नवा नव्हता. महाबळेश्वरचेच पाहा. आज ज्याला आपण जुने किंवा क्षेत्र महाबळेश्वर म्हणतो, तिथे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो, आणि लोक त्या पाण्यासाठी घाट चढत. जवळच प्रतापगड आहे. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती 1656 मध्ये, आणि 1659 मध्ये अफझलखानाचा वध झाला तो याच गडाच्या पायथ्याशी. म्हणजे डोंगरावर एक तर देव होता, नाही तर गड. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या त्या माथ्यावर केवळ बरे वाटावे म्हणून जाऊन राहायचे, ही कल्पना मात्र आपली नव्हती. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही.

ती कल्पना एकोणिसाव्या शतकात वर चढली. 1824 मध्ये सातारच्या छावणीतला लॉडविक नावाचा अधिकारी या पठारावर पोहोचला. 1827 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झालेल्या सर जॉन माल्कमने पुढच्याच वर्षी इथे आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम सुरू केले. 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला : ही डोंगरी जागा कंपनीला, आणि तिच्या बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव महाराजांना. नव्या वस्तीचे नाव पडले माल्कम पेठ.

एवढी धडपड कशासाठी, याचे उत्तर एका रोगाच्या नावात आहे. ‘मलेरिया’ हा मूळ इटालियन शब्द; त्याचा अर्थ वाईट हवा. दलदलीतून, कुजलेल्या पाल्यातून विषारी वाफ उठते आणि ती श्वासावाटे शरीरात गेली की ताप येतो, असे त्या काळचे युरोपीय वैद्यक मानत होते. रोग हवेत असेल तर औषधही हवेतच असणार. म्हणून उंचावरची, थंड, कोरडी हवा. त्याच तापाला आपण हिवताप म्हणतो. आपल्या शब्दात हवेचा पत्ता नाही, आहे ती रोग्याला भरलेली हुडहुडी. आपल्याकडे परगावी माणूस आजारी पडला तर दोष बहुधा पाण्याकडे जातो : ‘तिथले पाणी मानवले नाही’, ‘पाणी बाधले’. हिंदीतही ‘हवा-पानी’ बदलतात, आणि फारसीतून आलेल्या ‘आबोहवा’मध्ये तर आधी आब, म्हणजे पाणी, मग हवा. इंग्रजी ‘चेंज ऑफ एअर’ मात्र एकट्या हवेचे. मराठीत त्याची जोडी ‘हवापालट’, बंगालीत ‘हावा बदल’. आपल्या भाषांनी जुन्या जोडीतले पाणी सोडले आणि गोऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घेतली. ‘थंड हवेचे ठिकाण’ हा त्या चिठ्ठीचाच मराठी अनुवाद आहे. डोंगर तिथे गळाला, कारण रोग्याला डोंगर नको होता, हवा हवी होती.

ही हवा फुकट मात्र नव्हती. जागा देणाऱ्या प्रतापसिंहांना कंपनीने 1839 मध्ये पदच्युत करून काशीला धाडले. तिथेच त्यांचा अंत झाला. साहेबांच्या ताटातल्या बटाट्याची आणि विलायती भाज्यांची लागवड वाढवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते इथल्या तुरुंगातले चिनी कैदी होते. 1834 ते 1864 असा तीस वर्षे तो तुरुंग चालला. सक्तीने आणलेल्या त्या माणसांचीही हवा पालटलीच होती. पण त्यांच्यासाठी तो शब्द कोणी वापरला नाही. लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर यांची नावे कड्यांना मिळाली. कैद्यांची नावे कुठल्या पॉइंटला नाहीत.

पुढे औषधाचा आधारच सुटला. 1897 मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या शरीरात मलेरियाचे जंतू सापडले. हवा निर्दोष सुटली. क्षयाने आणखी काही काळ डोंगराची बाजू धरून ठेवली. पाचगणीजवळ डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले ते 1912 मध्ये. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि मग तिथेही हवेची जागा सुईने घेतली.

रोग गेला, वैद्यकही बदलले, आपण मात्र जातोच आहोत. मीही जाते. घाटाच्या एका वळणावर गाडीची काच खाली करावी, गार वारा आत यावा आणि कोणी तरी म्हणावे, ‘लागली बरं का हवा!’ तेव्हा खरोखरच बरे वाटते. दोनशे वर्षांपूर्वीची चिठ्ठी आता सुखाची चिठ्ठी झाली आहे. तिची गर्दी इतकी वाढली की 2001 मध्ये केंद्र सरकारला महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला. जिथे माणसे बरी व्हायला जात, त्या जागेलाच आता जपावे लागते.

शेवटी मी अनुवादात ‘थंड हवेचे ठिकाण’च ठेवले. दुसरा चांगला शब्द नाही म्हणून नव्हे. या शब्दाला आपला जन्म आठवतो, म्हणून. फक्त आता तो लिहिताना मला त्यातून गळलेला डोंगर दिसतो, आणि त्या डोंगरावर बटाट्याचे वाफे खणणारी, नावे न उरलेली माणसेही.