‘अॅनिमे’चे आद्य चाहते आणि त्यांच्यानंतरच्या पिढ्या

जपानमध्ये तयार होणाऱ्या अॅनिमेशनपटांना आणि चित्रमालिकांना जगभर ‘अॅनिमे’ या नावाने ओळखले जाते. आज हा मोठ्या उलाढालीचा उद्योग आहे. मात्र मुलांच्या करमणुकीपलीकडे जाऊन या चित्रपटांकडे गांभीर्याने पाहण्यास सुरुवात केली ती हौशी चाहत्यांनी. या चाहत्यांच्या इतिहासात एक सूत्र पुन:पुन्हा आढळते. प्रत्येक पिढी एखादी उणीव भरून काढण्यासाठी एकत्र येते आणि ती उणीव भरून निघाली, की त्या यशामुळेच तिचे प्रयोजन संपते.

‘यामातो’पासून प्रारंभ

ओसामू तेझुका यांची ‘टेत्सुवान आटोमू’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. त्याच वर्षी ती ‘अॅस्ट्रो बॉय’ या नावाने अमेरिकेतही दाखविण्यात आली. अशा मालिका मुलांनी पाहाव्यात आणि मोठे झाल्यावर विसरून जाव्यात, असाच तेव्हा समज होता.

या समजाला धक्का दिला तो ऑक्टोबर १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘उचू सेनकान यामातो’ या अंतराळयुद्धाच्या मालिकेने. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ ही लोकप्रिय मालिका सुरू असल्याने ‘यामातो’ला पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही. ३९ भागांचा बेत आवरता घेऊन ती २६ भागांतच गुंडाळावी लागली. पुन:प्रक्षेपणात मात्र शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी तिला उचलून धरले, ठिकठिकाणी मंडळे स्थापन केली. ऑगस्ट १९७७ मध्ये याच मालिकेवरून संकलित केलेला चित्रपट झळकला, तेव्हा चित्रपटगृहांबाहेर आदल्या रात्रीपासून रांगा लागल्या होत्या.

‘किदो सेन्शी गंडाम’ या १९७९ च्या मालिकेच्या वाट्यालाही तेच आले. ५२ ऐवजी ४३ भागांत ती संपली; पण पुन:प्रक्षेपण आणि यंत्रमानवांच्या प्लास्टिक प्रतिकृती यांमुळे तिला नवे आयुष्य लाभले. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी टोकियोतील शिंजुकू येथे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांच्या उपस्थितीत हजारो तरुण जमले आणि ‘अॅनिमेच्या नव्या युगा’ची घोषणा झाली. तत्पूर्वी १९७८ मध्ये ‘अॅनिमेज’ हे मासिक निघाले होते. अॅनिमे ही प्रौढ होत असलेल्या वाचकांच्या आस्थेची गोष्ट आहे, हे त्यामुळे प्रकाशकांनीही मान्य केले.

‘येथे सारेच सहभागी’

जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात. त्यांच्या चाहत्यांच्या एका संमेलनात संयोजकांवर टीका करणाऱ्या तरुणीला प्रवेश नाकारण्यात आला. त्याचा निषेध म्हणून समीक्षक योशिहिरो योनेझावा आणि त्यांच्या मित्रांनी २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत स्वतंत्र मेळावा भरविला. हाच ‘कॉमिक मार्केट’ किंवा ‘कॉमिकेट’ होय. पहिल्या मेळाव्यात ३२ हौशी गट आणि सुमारे ७०० लोक सहभागी झाले. त्यात मोठी संख्या होती ती मुलींच्या चित्रकथा वाचणाऱ्या शाळकरी मुलींची. आद्य चाहते म्हणजे केवळ यंत्रमानवांत रमणारे मुलगे, हे चित्र त्यामुळे अपुरे ठरते.

या मेळाव्यात ग्राहक कोणीच नाही. विकणारा, विकत घेणारा आणि स्वयंसेवक हे सारे ‘सहभागी’ आहेत, असे तत्त्व संयोजकांनी प्रथमपासून पाळले. योनेझावा यांचे २००६ मध्ये निधन झाले, पण मेळावा थांबला नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चार दिवसांत ७ लाख ३० हजार जणांनी त्याला हजेरी लावली. करोना साथीमुळे खंडित झालेली परंपरा डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

कॅसेटची देवाणघेवाण

अमेरिकेत या चळवळीचे मूळ लॉस एंजेलिसमध्ये सापडते. तेथील जपानी वस्तीसाठी चालणाऱ्या वाहिनीवर १९७६ च्या सुमारास यंत्रमानवांच्या मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविल्या जात. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर नुकतेच बाजारात आले होते. विज्ञानकथांचे अभ्यासक फ्रेड पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे १९७७ मध्ये ‘कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन’ ही संस्था स्थापन केली. सभासद महिन्यातून एकदा जमून ध्वनिमुद्रित भाग एकत्र पाहात. जपानमधील चाहत्यांशी पत्रव्यवहार करून ते अमेरिकी विज्ञानकथा मालिकांच्या मोबदल्यात जपानी मालिकांच्या कॅसेट मिळवीत. दोन्ही देशांत ‘एनटीएससी’ ही एकच प्रक्षेपण पद्धत असल्याने एका देशातील कॅसेट दुसऱ्या देशात चालत असे. ‘पाल’ पद्धत स्वीकारलेल्या भारतात किंवा युरोपच्या बहुतेक भागात ही सोय नव्हती.

भाषांतराअभावी संवाद कळत नसत. कथासार सांगणारी टिपणे हातोहात फिरत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या साहाय्याने चित्रावर उपशीर्षके उमटविणे शक्य झाले आणि हौशी भाषांतरकारांचे गट तयार झाले. कॅसेटवरून कॅसेट काढली, की चित्र अधिक पुसट होई. अशा प्रतींनाही पहिली पिढी, दुसरी पिढी असेच म्हटले जाई. मालिकेचे अधिकृत हक्क कोणी घेतले, की आपली प्रत वाटणे थांबवायचे, असा अलिखित नियमही अनेक गटांनी घालून घेतला होता. म्हणजेच स्वत:चे काम संपावे, हेच त्यांचे उद्दिष्ट होते.

तसेच घडले. १९८८ नंतर ‘अॅनिमइगो’ आणि ‘स्ट्रीमलाइन पिक्चर्स’ यांसारख्या छोट्या कंपन्या अधिकृत आवृत्त्या आणू लागल्या. पॅटन यांची मूळ संस्था त्याच सुमारास, १९८९ मध्ये, फुटली आणि तिच्या शाखा स्वतंत्र झाल्या. १९९२ पासून कॅलिफोर्नियात ‘अॅनिमे एक्स्पो’ भरू लागला. दूरचित्रवाणीवरील ‘सेलर मून’ आणि ‘पोकेमॉन’ पाहून १९९० च्या दशकात जी मुले चाहती झाली, त्यांना कॅसेटच्या देवाणघेवाणीची गरजच उरली नव्हती. पुढे इंटरनेटच्या काळातही तेच चक्र फिरले. २००६ मध्ये चाहत्यांनी विनापरवाना चढविलेल्या चित्रफितींवर सुरू झालेले ‘क्रंचीरोल’ २००९ पासून केवळ परवानाधारक मालिका दाखवू लागले आणि २०२१ मध्ये सोनी समूहाने ते सुमारे ११७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतले.

‘ओटाकू’ आणि कलंक

जपानमध्ये पिढीबदलाला सामाजिक कारणही होते. ‘ओटाकू’ हा शब्द मुळात समोरच्या व्यक्तीला आदराने संबोधण्यासाठी, काहीसा मराठीतील ‘आपण’सारखा वापरला जातो. एकमेकांशी अशा औपचारिक भाषेत बोलणाऱ्या चाहत्यांची आकिओ नाकामोरी यांनी १९८३ मध्ये एका लेखमालेत टिंगल केली आणि तोच शब्द त्यांना चिकटला. १९८९ मध्ये चार बालिकांच्या हत्येप्रकरणी अटक झालेल्या तरुणाच्या खोलीत हजारो चित्रफिती आढळल्या. त्यानंतर साऱ्याच चाहत्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि अनेकांना आपला छंद लपवावा लागला.

विचारवंत हिरोकी आझुमा यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘ओटाकूं’च्या तीन पिढ्या मानल्या आहेत. पहिली १९६० च्या आसपास जन्मलेली, ‘यामातो’ आणि ‘गंडाम’वर वाढलेली. दुसरी १९७० च्या सुमाराची, तर तिसरी १९८० च्या सुमारास जन्मलेली आणि १९९५ मधील ‘इव्हॅन्गेलियन’च्या लाटेत शाळेत असलेली. गंमत अशी, की ‘इव्हॅन्गेलियन’चे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो हे स्वत: पहिल्या पिढीतील चाहते. ओसाका येथील १९८१ च्या विज्ञानकथा संमेलनासाठी त्यांनी मित्रांसह हौशी लघुपट काढला आणि त्याच मित्रमंडळींतून १९८४ मध्ये ‘गायनॅक्स’ ही कंपनी उभी राहिली. एका पिढीचे प्रेक्षक पुढच्या पिढीसाठी निर्माते झाले. याच ‘गायनॅक्स’ने २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

भारतातील प्रेक्षक

भारतात १९९३ मध्ये दूरदर्शनने ‘जंगल बुक’ ही जपानी मालिका हिंदीतून दाखविली. ती घराघरांत पोहोचली, पण ती जपानी असल्याची जाणीव फार थोड्या प्रेक्षकांना होती. त्यामुळे प्रेक्षक मिळाले तरी चाहत्यांची चळवळ उभी राहिली नाही. २००४ मध्ये ‘अॅनिमॅक्स’ वाहिनी आली, पाठोपाठ ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ हिंदीत बोलू लागले. २०१९ मध्ये चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालविली आणि माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतीय चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर’ मालिकेतील चित्रपट हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही आला, तेव्हा अशा मोहिमेची गरज उरली नव्हती.

मागे काय उरते?

पुढची पिढी येते तेव्हा आधीच्या पिढीचे श्रम तिला दिसत नाहीत. सर्व काही पूर्वीपासूनच सहज उपलब्ध होते, असे तिला वाटते. जुन्या कॅसेटवरील चुंबकीय थर काळानुसार खराब होतो, हस्तलिखित टिपणे रद्दीत जातात. फ्रेड पॅटन यांना २००५ मध्ये पक्षाघात झाला, तेव्हा त्यांचा प्रचंड संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ग्रंथालयाने स्वीकारला आणि म्हणून तो वाचला. पॅटन २०१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या समवयस्कांपैकी बहुतेकांच्या संग्रहांना असे भाग्य लाभलेले नाही.

‘कॉमिकेट’ मात्र पन्नास वर्षे टिकला. दुर्मीळ वस्तू मिळवून देणे एवढेच त्याचे काम असते, तर ते केव्हाच संपले असते. स्वत: काहीतरी निर्माण करू पाहणाऱ्यांना जागा देणे, हे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. चाहते बदलत गेले तरी मेळावा चालू राहिला, तो यामुळेच.