काचबिंदू आणि रात्रीचं बीपी

काचबिंदू म्हटलं की डोळ्यातलं प्रेशर आठवतं. पण ते नॉर्मल असूनही काहींची नजर का जाते?

प्रश्न जुना आहे. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचं यंत्र बनवलं. त्यातून बर्लिनच्या फोन ग्रेफेला काही डोळ्यांत नस खड्ड्यासारखी खचलेली दिसली, पण डोळा कडक लागत नव्हता. १८५८ मध्ये दोन मतं पुढे आली. म्युलर म्हणाला, डोळ्यातल्या दाबाने नस चेपते. येगर म्हणाला, नसेला रक्तच पुरत नाही. १९०५ मध्ये शिओट्झचं दाब मोजायचं यंत्र आलं. आकडा हातात आला, आणि लक्ष त्याच्याकडेच गेलं. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे ओळखीचं वाटतं: जे मोजता येतं, तेच खरं वाटायला लागतं.

गणित साधं आहे. नसेत रक्त शिरायला रक्ताचा दाब डोळ्यातल्या दाबापेक्षा पुरेसा जास्त हवा. आणि झोपेत बीपी उतरतं. मूळचे पंजाबचे, अमेरिकेत आयोवाला काम करणारे डॉ. सोहनसिंग हायरे यांनी १९९४ मध्ये २४ तास बीपी मोजून मांडलं, की रात्री ते फार उतरलं, तर नसेला धोका होऊ शकतो. झोपताना बीपीची गोळी घेणाऱ्यांना विशेष. दिवसा दवाखान्यात हे दिसणार कसं?

घरात कुणाला काचबिंदू आणि बीपी दोन्ही असेल, तर दोन्ही डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा, गोळीची वेळ विचारा. थेंब किंवा गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.