सतरा मात्रा आणि इंग्रजी कान

सन १८८० मध्यें बेसिल हॉल चेंबर्लेन या इंग्रज पंडितांनीं जपानच्या अभिजात काव्याचा एक भाषांतरित संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत ‘मान्योशू’ व ‘कोकिन्शू’ या प्राचीन संग्रहांतील वेंचे आहेत, ‘नो’ नाट्यांचे नमुनेही आहेत. परंतु ज्या सतरा मात्रांच्या चिमुकल्या पद्यामुळें जपानी कवितेचें नांव आज परदेशांतील प्राथमिक शाळांपर्यंत जाऊन पोंचलें आहे, त्या हायकूस मात्र तेथें स्थान नाहीं. पुढें बावीस वर्षांनीं, १९०२ सालीं, याच चेंबर्लेन यांनीं जपानच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत बाशो या कवीवर व या लघुपद्यावर विस्तृत निबंध लिहिला आणि त्याला इंग्रजी नांव दिलें तें ‘एपिग्रॅम’ असें. आधीं अनुल्लेख आणि मग आडनांव, अशा दोन पायऱ्या चढून हायकू इंग्रजीच्या घरांत शिरला.

चेंबर्लेन यांच्यावर यासाठीं रागावण्याचें कारण नाहीं. एपिग्रॅम हा शब्द आपण जुन्या, व्यापक अर्थानें, म्हणजे एखादा नाजूक विचार मांडणारें छोटें पद्य या अर्थानें योजीत आहों, असा खुलासा त्यांनीं केलेला आहे. पण शब्द एकदां बाहेर पडला कीं खुलासा मागें राहतो. इंग्रज वाचकास एपिग्रॅम म्हटलें कीं शेवटच्या पंक्तींतील नांगी आठवते. आपल्याकडे सुभाषित म्हटलें कीं चौथ्या चरणांतील चमत्कृतीची वाट पाहण्याची जशी संवय आहे, तशीच. वाचक नांगी शोधूं लागला, नांगी सांपडेना, तेव्हां ‘हें पद्य नसून पद्याचा आरंभ दिसतो’ असें त्यास वाटलें तर त्यांत नवल काय? आणि गंमत अशी कीं, या वाटण्यांत एक ऐतिहासिक सत्य होतें.

हायकू हा मुळांत खरोखरच आरंभ होता. जपानांत अनेक कवींनीं एकत्र बसून साखळीनें पद्यें रचण्याची जुनी रीति होती. एकानें पांच-सात-पांच मात्रांच्या तीन खंडांचें पद्य म्हणावयाचें, दुसऱ्यानें सात-सात मात्रांची जोड द्यावयाची, तिसऱ्यानें त्या जोडीस पुन्हां नवें पद्य लावावयाचें. येणेंप्रमाणें छत्तीस किंवा शंभर कड्यांपर्यंत ही साखळी चाले. आमच्या समस्यापूर्तीची व भेंड्यांची आठवण वाचकांस येईल. मात्र येथें स्पर्धेपेक्षां सौजन्य अधिक होतें. साखळीच्या पहिल्या पद्यास ‘होक्कू’ म्हणत, आणि तें म्हणण्याचा मान बहुधा सन्माननीय पाहुण्याचा असे. त्यांत त्या दिवसाच्या ऋतूचा उल्लेख आलाच पाहिजे, म्हणजे जमलेली मंडळी एका स्थळीं व एका काळीं बसलेली आहे हें प्रथमच मान्य होई. बाशो (१६४४–१६९४) हा होक्कूचा कवि म्हणून जगास ठाऊक आहे. पण होक्कू रचण्यांत माझ्या तोडीचे शिष्य पुष्कळ आहेत, माझी खरी विद्या साखळींत आहे, असें तो म्हणे असें त्याच्या शिष्यपरंपरेंत सांगितलें जातें. या पद्यास साखळीपासून तोडून, ‘हायकू’ हें नांव देऊन, स्वतंत्र कविता म्हणून प्रतिष्ठित केलें तें मासाओका शिकी (१८६७–१९०२) यानें, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. म्हणजे पाश्चात्त्य वाचक दाराशीं उभा असतांनाच.

आतां मोजणीची गोष्ट, कारण मराठी वाचकास ती इंग्रज वाचकापेक्षां लवकर समजेल. इंग्रजी पुस्तकांत ‘हायकू म्हणजे सतरा सिलॅबल्स’ असें शेंकडों वेळां लिहिलें गेलें आहे. वास्तविक जपानी भाषेंतील मोजण्याचें एकक सिलॅबल नव्हे. तें पुष्कळसें आमच्या मात्रेसारखें आहे. दीर्घ स्वर दोन मोजावयाचा, जोडाक्षरांतील पहिला अर्धा वर्ण एक, अनुनासिक न् एक. ‘निप्पोन’ या शब्दांत इंग्रज कानास दोन सिलॅबल्स ऐकूं येतात. जपानी कान चार मोजतो. आमच्या छंदःशास्त्रांतही ‘प्प’च्या आधींचा ‘नि’ गुरु होऊन दोन मात्रा घेतोच कीं! खुद्द ‘हायकू’ हा शब्द जपानी माणूस हा-इ-कु असा तीन धरतो, इंग्रज दोन. जपानी एकक आणि आमची मात्रा तंतोतंत एक आहेत असें माझें म्हणणें नाहीं. पण इंग्रजांनीं मात्रा मोजावयाच्या तेथें अक्षरें मोजलीं, एवढें खास. परिणाम असा झाला कीं सतरा इंग्रजी सिलॅबल्सच्या मापांत मूळच्या दीडपट मजकूर मावूं लागला, आणि तें माप भरण्यासाठीं भाषांतरकार व नवे कवि विशेषणांची भर घालूं लागले. ज्या पद्याचें सर्व सामर्थ्य न सांगण्यांत, त्यांत सांगण्याची सोय झाली.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. हायकूंत एक तोड असते. ‘या’, ‘काना’, ‘केरी’ अशीं कांहीं अव्ययें व प्रत्यय त्या ठिकाणीं येतात. त्यांस कोशांत धड अर्थ नाहीं, जसा आमच्या ‘बरें’ किंवा ‘कीं हो’ यांस नाहीं. पण त्यांच्यामुळें पद्याचे दोन भाग एकमेकांपासून सुटतात व त्या फटींत वाचकास उभें राहावें लागतें. इंग्रजींत या अव्ययांचें काम विरामचिन्हांकडे आलें. कोणी आडवी रेघ ओढली, कोणी उद्गारचिन्हें पेरलीं. उद्गारचिन्हांनीं भरलेलीं तीं जुनीं भाषांतरें वाचतांना एखाद्या शांत देवळांत कोणी सारखी घंटा बडवीत आहे असा भास मला होतो. गाथासप्तशतीचा वारसा व आनंदवर्धनाचा ध्वनिविचार ज्यांना घरचा आहे, त्यांना न बोललेल्या अर्थाचें हें महत्त्व पटवून देण्याची गरज नाहीं. इंग्रजी टीकाशास्त्रास मात्र त्यासाठीं नवें नांव शोधावें लागलें.

तें शोधण्यास चालना कोणीं दिली? १९०४ सालीं योने नोगुची (१८७५–१९४७) या इंग्रजींत लिहिणाऱ्या जपानी कवीनें एका अमेरिकन मासिकांत तेथील कवींना जाहीर सूचना केली कीं, आपण होक्कू लिहून पाहावा. १९१४ च्या जानेवारींत ऑक्सफर्ड येथें त्यानें याच विषयावर व्याख्यान दिलें. (हाच नोगुची १९३५–३६ मध्यें हिंदुस्थानांत येऊन व्याख्यानें देऊन गेला, आणि १९३८ सालीं जपानच्या चीनवरील स्वारीचें समर्थन करून रवींद्रनाथ ठाकुरांच्या कठोर पत्रोत्तरास पात्र झाला. सूक्ष्म संवेदनेचा कवि राष्ट्राभिमानाच्या लाटेंत किती सहज वाहून जातो, याचें हें विषण्ण करणारें उदाहरण होय.) पण इंग्रजी कवितेच्या आंतून जी हालचाल झाली ती एझ्रा पाउंड याच्यामुळें. पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकांत गाडींतून उतरतांना गर्दींत त्याला एकामागून एक सुंदर चेहरे दिसले. त्या अनुभवावर त्यानें तीस ओळींची कविता लिहिली आणि फाडून टाकली. सहा महिन्यांनीं निम्म्या लांबीची लिहिली. आणखी वर्षानें जें उरलें तें एका वाक्याचें, होक्कूच्या धर्तीचें पद्य. तें १९१३ च्या एप्रिलांत ‘पोएट्री’ मासिकांत छापलें गेलें, आणि त्याची ही जन्मकथा पाउंडनें स्वतःच १९१४ सालीं सांगितली.

एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा ठेवावयाची आणि मध्यें ‘जणूं’, ‘जैसें’ असें कांहीं घालावयाचें नाहीं, ही युक्ति पाउंडनें हायकूपासून उचलली व आधुनिक इंग्रजी कवितेच्या हातीं दिली. लाभ मोठा झाला यांत शंका नाहीं. तथापि त्यानें काय उचललें याबरोबरच काय टाकलें हेंही पाहिलें पाहिजे. त्यानें प्रतिमा घेतली. ऋतु टाकला, मंडळी टाकली, पुढील कडीची अपेक्षा टाकली. पाहुण्यानें यजमानास उद्देशून म्हणावयाचें पद्य एका एकाकी नागरिकाचें दृश्य झालें. पुढें एमी लोवेल हिनें १९१९ सालीं जपानी वळणाच्या छोट्या कवितांचा संग्रह काढला. त्यांतही मुख्य आकर्षण चित्राचेंच आहे, रंगीत ठशाच्या जपानी चित्रांचें. हॅरॉल्ड हेंडर्सन यांचें १९३४ चें छोटें पुस्तक अधिक अभ्यासू आहे. परंतु त्यांनाही यमकाचा मोह आवरला नाहीं. जपानींत बहुतेक शब्द स्वरांत संपतात, त्यामुळें यमक इतकें स्वस्त कीं कवि त्याकडे पाहातही नाहींत. इंग्रजी कानास मात्र यमकावांचून पद्य पुरें झाल्यासारखें वाटेना.

या सर्व इतिहासांत ज्या एका माणसाजवळ जरा थांबावेंसें वाटतें तो रेजिनाल्ड होरेस ब्लाइथ (१८९८–१९६४). पहिल्या महायुद्धांत शस्त्र धरण्यास नकार दिल्याबद्दल स्वदेशानें त्यांना तुरुंगांत टाकलें. पुढें ते कोरियांत व नंतर जपानांत इंग्रजीचे अध्यापक झाले; जपानी भाषा व झेन शिकले; आणि दुसरें महायुद्ध जपानवर येतांच शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून जपाननें त्यांना कोबे येथें स्थानबद्ध केलें. दोन युद्धें, दोन सरकारें, दोन कैदा. आणि दुसऱ्या कैदेंत असतांनाच, १९४२ सालीं, त्यांचा इंग्रजी वाङ्‌मयांतील झेनविषयींचा ग्रंथ टोकियोंत प्रसिद्ध झाला! युद्धानंतर ते युवराज अकिहितो यांचे इंग्रजीचे शिक्षक होते. १९४९ ते १९५२ या काळांत त्यांच्या ‘हायकू’ या ग्रंथाचे चार खंड निघाले. ऋतूंच्या क्रमानें रचलेल्या या खंडांत मूळ जपानी पद्य, त्याचा रोमन लिपींतील उच्चार, साधें बिनयमकी भाषांतर, आणि खालीं टीप. टिपेंत वर्ड्‌स्वर्थही येईल, चिनी ऋषिही येईल. ऋतु, जो पाउंडनें वगळला होता, तो ब्लाइथ यांनीं ग्रंथाची चौकटच करून परत आणला. 

ब्लाइथ यांचे दोष उघड आहेत. त्यांना जेथें तेथें झेन दिसे. बाशोच्या मंडळींतील थट्टामस्करी, व्यवसाय, स्पर्धा यांकडे त्यांचें लक्ष थोडें. स्त्रियांना हायकू साधेल कीं नाहीं याचीही त्यांना शंका होती. अठराव्या शतकांतील चियो-नीसारखी कवयित्री डोळ्यांपुढें असतां! इंग्रजी भाषांतरांच्या ज्या वाटेनें हायकू पुढें मराठींत आला, त्या वाटेवर त्याला येथें रुजविण्याचें श्रेय शिरीष पै (१९२९–२०१७) या कवयित्रीकडे जातें, ही त्या शंकेवर काळानें केलेली टीपच म्हणावी लागेल. आणि आमच्याकडे मात्रा मोजण्याची विद्या पिढीजात असूनही मराठी हायकूनें तीन ओळी घेतल्या, मोजणी घेतली नाहीं, हेंही नमूद करण्यासारखें आहे.

मोजणीचा मोह पुढें अमेरिकेंतही सैल झाला. १९५८ सालीं हेंडर्सन यांचें नवें पुस्तक आलें, १९६३ सालीं विस्कॉन्सिनमधून ‘अमेरिकन हायकू’ हें नियतकालिक निघालें, १९६८ सालीं अमेरिकेची हायकू सोसायटी स्थापन झाली. बाराएक सिलॅबल्स हेंच जपानी सतरांच्या जवळचें माप होय, असा विचार विल्यम हिगिन्सन यांनीं १९८५ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथांत मांडला. आज इंग्रजींतील जाणते हायकूकार बहुधा सतरापेक्षां कमीच सिलॅबल्स वापरतात. शाळांतून मात्र मुलें अद्याप बोटांवर पांच-सात-पांच मोजीत असतात. साखळी-पद्याचा खेळही पुन्हां सुरू झाला आहे, हें मला विशेष आनंदाचें वाटतें.

मग सतराची मोजणी ही निव्वळ चूकच ठरवावी काय? तसें म्हणावयास गेलें कीं मला रिचर्ड राइट आठवतो. मिसिसिपींत १९०८ सालीं जन्मलेला हा कृष्णवर्णीय कादंबरीकार. ‘नेटिव्ह सन’ (१९४०) व ‘ब्लॅक बॉय’ (१९४५) या ग्रंथांचा संतप्त, निर्भय लेखक. पॅरिस येथें स्वेच्छेनें परदेशवास पत्करून राहिलेला असतां १९५९ सालीं एका दक्षिण आफ्रिकन कवीकडून त्याला ब्लाइथ यांचे खंड वाचावयास मिळाले. त्या वर्षाच्या आरंभीं त्याची आई वारली होती. त्याची स्वतःची प्रकृति आमांशाच्या दीर्घ आजारानें ढासळली होती. आयुष्याच्या उरलेल्या अवधींत त्यानें सुमारें चार हजार हायकू लिहिले. आफ्रिकन-अमेरिकन जीवनावरील अन्यायाचें खटल्यासारखें निवेदन करणारी ती लेखणी आतां पाऊस, मांजर, शेतांतला वारा यांजकडे वळली. पण लहानपणचें दक्षिणेकडील खेडें त्या निसर्गांत पदोपदीं डोकावतें, आणि तेंच या हायकूंचें बळ होय.

राइट सतरा सिलॅबल्स कसोशीनें मोजी. शास्त्रदृष्ट्या ती मोजणी चुकीची. पण त्याच्या कन्येनें लिहिलें आहे कीं, शब्द तोडून सिलॅबल्स मोजण्याची ती क्रिया त्याच्या आखूड झालेल्या श्वासाशीं जुळत होती. आपल्या लहानशा, ऊन न येणाऱ्या खोलींत त्यानें लोखंडी कांबी आडव्या लावल्या होत्या व लिहिलेले कागद तो त्यांवर, धुतलेले कपडे वाळत घालावे तसे, टांगून ठेवी. त्यांतून त्यानें स्वतः ८१७ निवडले. २८ नोव्हेंबर १९६० रोजीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं तो वारला. ते ८१७ हायकू ग्रंथरूपानें बाहेर आले तेव्हां १९९८ साल उजाडलें होतें.