मधु दंडवते : दोन इंचांचे माप

मंत्र्याची योग्यता मोजावयाची कशाने? त्याने किती वर्षे खुर्ची सांभाळली, हे माप आपण सहज लावतो. मधु दंडवते यांना ते लावून पाहावे. १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षे ते राजापूरचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेत होते. त्यांपैकी मंत्रिपदाची वर्षे सुमारे सव्वातीन. बाकीचा काळ बहुतेक विरोधी बाकांवर गेला; आणीबाणीत तर बंगळूरच्या तुरुंगात.

सिद्धार्थ महाविद्यालयातील हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मार्च १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तिसरा वर्ग १९७४ मध्येच रद्द झाला होता. पण गेले ते नाव. डब्यावर दुसऱ्या वर्गाची पाटी आली, आतली फळी लाकडाचीच राहिली. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंचांची गादी घालण्यास आरंभ केला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली, तीत पहिला वर्गच नव्हता. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले.

कोकणच्या रेल्वेचा ध्यास राजापूरला नवा नव्हता. त्यांच्या आधीचे खासदार नाथ पै यांनीही तो घेतला होता. दंडवत्यांच्या कारकिर्दीत आपटा-रोहा मार्गाला चालना मिळाली. पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि अर्थमंत्री दंडवते. त्याच वर्षी त्यांनी सुवर्णनियंत्रण कायदा रद्द करविला. मात्र परकीय चलनाची तंगी त्यांच्या हातून सुटली नाही, हेही नमूद केले पाहिजे. नोव्हेंबरात सरकारच गेले.

१९९१ मध्ये राजापूरने त्यांना पराभूत केले. गाडी मंजूर करून आणणारा माणूस वर्षाच्या आत घरी बसला. लोकशाहीत मतदार कृतज्ञतेला बांधलेला नसतो, आणि ते योग्यच आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा ते मंत्रिपदावर नव्हते.

आमच्या मते, सव्वातीन वर्षांत इतके झाले त्याचे कारण विरोधी बाकांवरच्या वर्षांत आहे. काय करावयाचे, हे खुर्ची मिळण्यापूर्वीच त्यांचे ठरलेले होते. २००५ मध्ये ते निवर्तले. रात्रीच्या गाडीत दुसऱ्या वर्गाच्या बाकावर आपण अंग टाकतो, तेव्हा ते दोन इंच पाठीला लागतात. नाव मात्र आठवत नाही. ते आठवावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.