फैजपूरचे टिळकनगर आणि घरच्या पताका

फैजपूर हे तेव्हाच्या पूर्व खानदेशातले, यावल तालुक्यातले गाव. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन इथे भरले आणि देशाची सभा पहिल्यांदाच खेड्यात आली. त्याआधीची अधिवेशने मुंबई, कलकत्ता, लाहोर, लखनौ अशा शहरांत होत. शहरात मंडपवाले होते, भाड्याच्या कनाती मिळत, विजेचे दिवे मिळत. फैजपुरात यातले फारसे काही हाताशी नव्हते, आणि गांधीजींना ते हवेही नव्हते. गावात जे मिळते आणि गावातल्या हातांना जे जमते, त्यातूनच अधिवेशनाचे नगर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता.

हे काम त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांच्याकडे सोपवले. आपण चित्रकार, बांधकाम हा आपला प्रांत नव्हे, असे नंदलालबाबूंना वाटत होते. गांधीजींनी ते ऐकून घेतले नाही. सोबतीला म्हात्रे नावाचे वास्तुकार होते. दोघांनी मिळून बांबू, गवत, चटया असल्या साहित्यातून ‘टिळकनगर’ उभारले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांच्या सजवलेल्या रथातून आले; त्या रथाची कल्पनाही नंदलालबाबूंचीच. अधिवेशनातल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी या रचनेचे श्रेय या दोघांना नावे घेऊन दिले.

स्वागताची व्यवस्था शंकरराव देवांकडे होती. धनाजी नाना चौधरी आणि गावोगावचे कार्यकर्ते राबत होते, साने गुरुजी खानदेशात फिरून अधिवेशनासाठी माणसे आणि मदत गोळा करत होते. इतिहासाच्या पुस्तकांत फैजपूरचे नाव निघते ते तिथे मंजूर झालेल्या शेतकरी कार्यक्रमामुळे, आणि ते योग्यच आहे. पण राष्ट्रीय सोहळ्याची आरास घरच्या साहित्यातून करण्याची वाट एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा चालून दाखवली तीही फैजपूरनेच. सुमारे सव्वा वर्षाने, फेब्रुवारी १९३८मध्ये, गुजरातेतल्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी हातकागदावर सुतार, शिंपी, वादक अशा कष्टकऱ्यांची चित्रे काढली. त्यांची सुमारे ऐंशी मूळ चित्रे आणि शिष्यांनी केलेल्या नकला धरून संख्या चारशेच्या आसपास गेली. ती संग्रहालयासाठी काढलेली नव्हती. मंडपाच्या आणि प्रवेशद्वारांच्या सजावटीसाठी होती. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने सजवण्याचे काम याच चित्रकाराकडे आले.

हातकागदाचा धागा महाराष्ट्रात जुना आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा कागद करणाऱ्यांचेच गाव, आणि जुन्नरचा कागद पेशव्यांच्या काळात नावाजलेला होता. गिरण्यांच्या कागदापुढे हा धंदा बसत चालला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामात त्याला पुन्हा जागा मिळाली, आणि १९४०मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली.

झेंडा मात्र फैजपूरच्या आधीपासून घरात शिरला होता. १९२१मध्ये बेझवाड्याला पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे ठेवलेल्या आराखड्यातून जो ध्वज घडला, त्यात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली तांबडा पट्टा होता, आणि त्यावर चरखा. तो हातात धरणे हाच गुन्हा ठरू शकत होता. १ मे १९२३पासून नागपुरात झेंडा सत्याग्रह चालला. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जाण्यास बंदी होती, म्हणून रोज स्वयंसेवकांच्या तुकड्या तिथे जात आणि पकडल्या जात. जमनालाल बजाजही तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल पुढे आले, आणि १८ ऑगस्टला झेंड्यासह मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. ज्या खादीच्या तुकड्यासाठी माणसे तुरुंगात जात होती, तो छापखान्यातून गठ्ठ्याने येत नव्हता. कुणीतरी सूत कातले होते, कुणीतरी रंगवले होते, कुणीतरी शिवले होते.

ऑगस्ट १९३१मध्ये काँग्रेसच्या मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरला. २२ जुलै १९४७ला संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र आणले. स्वातंत्र्याच्या सोहळ्याला तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते. त्या मध्यरात्री सभागृहात भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला तो हंसा मेहता यांनी.

चक्राने घरच्या कारागिरांपुढे नवे कोडे टाकले. चरखा चार रेघांत सुचवता येतो. चक्राला चोवीस आरे लागतात, आणि ते समान अंतरावर हवेत. कंपासपेटीतल्या कोनमापकाने दर पंधरा अंशांवर खूण करणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग घडीचा: गोल कागद तीनदा अर्ध्यात दुमडला की आठ भाग होतात, आणि प्रत्येकाचे तीन केले की चोवीस. लहान मुलांना दुसरा मार्ग लवकर कळतो आणि भूमितीचा धडाही होऊन जातो.

सगळीकडे १५ ऑगस्ट १९४७ला पताका लागल्या असे नाही. निजामाच्या राज्यात तिरंगा लावणे धोक्याचे होते; तिथल्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८पर्यंत थांबावे लागले आणि गोव्याला १९ डिसेंबर १९६१पर्यंत. त्यामुळे या दोन्ही प्रदेशांत तिरंगी तोरणांचे दिवस वर्षातून तीनदा येतात, आणि तिसरा दिवस तिथल्या माणसांना विशेष जवळचा आहे.

पताका-तोरणे हाताने करण्याचा हा व्यवहार शाळांनी घरोघर नेला. पतंगी कागद, सुतळी आणि खळ एवढ्या सामानात वर्ग सजत असे. खळ म्हणजे मैदा किंवा कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवलेली चिकट लापशी. कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालण्याची पद्धत होती. मोरचूद विषारी असल्याने मुले काम करणार असतील तर ते वगळलेलेच बरे. खळ ताजी करून त्याच दिवशी संपवावी. पताकांसाठी कागदाच्या सात-आठ घड्या एकावर एक धरून एकदम कापतात, वरची बोटभर कड सुतळीवरून दुमडून चिकटवतात आणि रंगांचा क्रम पाळत ओवत जातात. साखळीला कागदाच्या पट्ट्या पुरतात. पट्टी झालरीसारखी चुणून दोन्ही टोके जोडली की गोल चक्री होते. वहीचे रंगवलेले पानही चालते.

नंतर प्लास्टिक आले. सिग्नलवर विकले जाणारे झेंडे दुसऱ्या दिवशी गटारात दिसू लागले, आणि ते पाहून वाईट न वाटणारा माणूस विरळा. राज्याने मार्च २०१८मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. केंद्राने १ जुलै २०२२पासून एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तू बंद केल्या, त्यांत प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या काड्या आणि सजावटीचे थर्माकोल आहे.

२००२ची ध्वजसंहिता इथे लक्षात ठेवायला हवी, कारण उत्साहात तिचा भंग सहज होतो. राष्ट्रध्वज स्वतः तोरण, पताका किंवा शोभेची वस्तू म्हणून वापरायचा नसतो. राष्ट्रीय सणाला हातात कागदी झेंडे घेता येतात, पण कार्यक्रमानंतर ते जमिनीवर टाकायचे नाहीत. एकांतात, सन्मानपूर्वक त्यांची विल्हेवाट लावायची. म्हणून शहाणे शिक्षक झेंडा आणि आरास वेगळी ठेवतात. झेंडा काठीवर, मानाच्या जागी. आरास रंगांची, फुलांची, पानांची: केशरी झेंडू, पांढरा निशिगंध आणि आंब्याची पाने एका दोऱ्यात ओवली की दारासाठी तोरण तयार, आणि त्यात चक्र काढण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन्ही राष्ट्रीय सणांचे हवामान वेगळे आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. पतंगी कागद पावसात रंग सोडतो आणि भिंतीवर ओघळ उठतात. त्यामुळे १५ ऑगस्टला कागदी काम वर्गात आणि ओसरीवर, बाहेर फुले आणि पाने. २६ जानेवारीला अंगणभर कागद चालतो. संक्रांत तेव्हा नुकतीच झालेली असते, पतंगांचा उरलेला कागद आणि मांजा घरात असतोच. मांजा मात्र ओवायला घेऊ नये, बोटे कापतात. त्यापेक्षा साधा शिवणदोरा दुहेरी करून घ्यावा.