चरे पडलेल्या घरगुती तबकडीवरील चित्रीकरणाची पुनर्प्राप्ती

घरी किंवा स्थानिक छायाचित्रकाराने नोंदवलेली सीडी अथवा डीव्हीडी चरे, डाग, बुरशी वा पाणी यांमुळे वाचली जाईनाशी झाल्यावर तिच्यातील चित्रीकरण शक्य तितके परत मिळवण्याच्या प्रक्रियेस चित्रीकरणाची पुनर्प्राप्ती म्हणतात. चित्रपटाची छापील तबकडी बिघडली तर दुसरी विकत आणता येते. घरगुती तबकडीच्या मात्र मोजक्याच, पुष्कळदा एकच प्रत असते. त्यामुळे या कामात वस्तूपेक्षा मजकूर वाचवणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

व्हीसीडीचे मानक १९९३ साली निश्चित झाले. एका व्हीसीडीवर ७४ ते ८० मिनिटांचे चित्रीकरण मावत असल्याने लग्नाचे चित्रीकरण दोन-तीन तबकड्यांत मिळे. पुढे डीव्हीडी आली. रत्नागिरी जिल्ह्यातील सावर्डे (तालुका चिपळूण) व परिसरात लग्नाबरोबरच शिमग्याची पालखी, नमन, जाखडी आणि शाळेचे स्नेहसंमेलन हेही या तबकड्यांवर नोंदवले गेले. दिवंगत आजी-आजोबांचे चालतेबोलते दर्शन किंवा नमनातील एखाद्या जुन्या सोंगाड्याचा आवाज अनेक घरांत केवळ अशाच तबकडीवर उरलेला असतो.

रचना आणि हानी

तबकडीची जाडी १.२ मिलीमीटर असते. छापील तबकडीत माहितीचे खळगे प्लास्टिकमध्येच उठवलेले असतात. घरगुती तबकडीत मात्र लेसर किरण सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो व त्यामागील धातूचा पातळ थर प्रकाश परत फेकतो. हे रंगद्रव्य ऊन व उष्णतेने बिघडते. चरा नसलेली तबकडीही त्यामुळे अवाचनीय होऊ शकते.

चरा कोणत्या बाजूस आहे, हे प्रथम पाहावे. चकचकीत बाजूचा चरा प्लास्टिकवर असतो, माहितीवर नव्हे. तो बहुधा सुधारता येतो. सीडीत माहितीचा थर लेबलाच्या लगेच खाली, लाखेच्या पातळ लेपाआड असतो. त्यामुळे नाव लिहिताना टोकदार पेनाने उमटलेला ओरखडा खालच्या बाजूच्या मोठ्या चऱ्यापेक्षा घातक ठरतो. सीडी दिव्यासमोर धरल्यास ठिपक्यांतून प्रकाश आरपार दिसतो, तेथील माहिती कायमची गेलेली असते. डीव्हीडी ०.६ मिलीमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते व माहिती मधोमध राहते. तिला लेबलाकडून धोका कमी, पण कडेने चकत्या सुटण्याचा धोका अधिक.

तबकडीवरील माहितीसोबत चुका दुरुस्त करणारे संकेतही लिहिलेले असतात. त्यांच्या जोरावर सीडीचा मार्गाच्या दिशेने सुमारे २.५ मिलीमीटर व डीव्हीडीचा सुमारे ६ मिलीमीटर भाग सलग बिघडला तरी माहिती पुन्हा जुळवता येते. म्हणूनच केंद्रातून कडेकडे गेलेला आडवा चरा सोसतो, गोलाकार चरा सोसत नाही. आणि पुसतानाही गोल न फिरवता मध्यापासून कडेकडे पुसावे.

पुनर्प्राप्तीची पद्धत

पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, नकलेचे. तबकडी स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने पुसावी आणि जेवढे वाचले जाईल तेवढे संगणकावर उतरवून घ्यावे. नेहमीच्या पद्धतीने फाइल नकलली तर पहिल्या अवाचनीय जागेशीच काम थांबते. जीएनयू डीडीरेस्क्यू ही मोफत प्रणाली आधी चांगले भाग उचलते, मग खराब भागांकडे वळते व काय मिळाले, काय राहिले याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवते. तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून त्या नकाशावरून काम पुढे चालवता येते. एका ड्राइव्हला न वाचलेला भाग दुसरा वाचतो, असा अनुभव वारंवार येतो.

व्हीसीडीची गोष्ट वेगळी. अधिक चित्र मावावे म्हणून तिच्या प्रत्येक विभागात २०४८ ऐवजी २३२४ बाइट मजकूर भरलेला असतो आणि त्यासाठी दुरुस्तीच्या संकेतांचा एक थर सोडून दिलेला असतो. तिच्यासाठी आयसोबस्टरसारखी, कच्चे विभाग वाचणारी प्रणाली लागते.

कोकणात एक साधन हाताशी असते, पण ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लग्नाच्या तबकड्यांच्या प्रती मुंबईकर चाकरमानी नातेवाइकांकडेही जात. एकाच मूळ प्रतीवरून हुबेहूब काढलेल्या दोन डीव्हीडींवर चरे वेगवेगळ्या जागी असतील, तर गावच्या प्रतीतील उणे भाग डोंबिवलीच्या प्रतीतून भरून काढता येतात. मात्र प्रती स्वतंत्रपणे तयार केलेल्या असतील, तर ही जुळणी करू नये.

काही भाग शेवटी गेलाच, तरी नुकसान वाटते तेवढे नसते. डीव्हीडीवरील दुरुस्तीचा एक गट ३२ किलोबाइटचा, म्हणजे सुमारे एक विसांश सेकंदाच्या चित्राएवढा असतो. शेजारची चित्रे त्यावर अवलंबून असल्याने चौकोन मात्र अर्ध्या सेकंदापर्यंत दिसू शकतात.

घासून चकाकी आणणे हा शेवटचा उपाय होय. टूथपेस्ट चोळण्याचा प्रघात सर्वत्र आहे. ती सौम्य घासणारी असल्याने उथळ चरे निघतात, पण नवे चरेही पडतात. लेबलाच्या बाजूस ती कधीही लावू नये.

समाप्त न केलेल्या तबकड्या

८ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर नोंद करणाऱ्या कॅमेऱ्यातून तबकडी काढण्यापूर्वी ‘फायनलाइझ’ करणे राहून गेले असेल, तर संगणक तिला कोरी समजतो. चित्रीकरण त्यावर असतेच. अशा वेळी ‘फॉरमॅट करायचे का’ या प्रश्नास नकार द्यावा व शक्य असल्यास त्याच कॅमेऱ्यात ती पूर्ण करून घ्यावी.

दमट हवा आणि पूर

कोकणातील पावसाळी हवेत तबकडीवर बुरशी धरते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हाप्रमाणे तबकड्या चिखलात सापडल्या तर चिखल वाळण्यापूर्वीच त्या स्वच्छ थंड पाण्यात धुवाव्यात. प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटलेली तबकडी कोरडी असताना ओढू नये, लेबलासह धातूचा थर सुटून येतो. ती पाण्यात भिजवून सोडवावी व सावलीत उभी वाळवावी.

मिळालेली नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि मूळ तबकडी टाकू नये. आज न वाचलेले विभाग पुढे दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचले जाण्याची शक्यता असते.