इंजन कोन्तं होतं जी?

सिंदेवाहीला नातेवाइकांकडे गेलो की माझ्या अंगात उगीचच वक्ता संचारतो. मागच्या खेपेला सायकलचं पंक्चर काढायला मिस्त्रींच्या टपरीवर गेलो. मिस्त्रींची ट्यूब पाण्यात बुडायच्या आत मी शिवकर बापूजी तळपद्यांचं विमान उडवूनही टाकलं!

"१८९५ साली, गिरगाव चौपाटीवर, आपल्या मराठी माणसानं 'मरुत्सखा' उडवलं. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी!"

मिस्त्रींची नजर बुडबुड्यांवर. "इंजन कोन्तं होतं जी?"

"पाऱ्याचं म्हणतात..." मी चाचरलो.

"पाऱ्याचं? किती हार्सपावर?"

माझंच पंक्चर झालं. घरी येऊन मुकाट्यानं पुस्तकं उघडली. तळपदे खरे, त्यांचा ध्यासही खरा. पण त्या उड्डाणाचा तेव्हाचा भरवशाचा पुरावा नाही. ज्याच्या नावावर आपण पाऱ्याच्या गप्पा मारतो तो 'वैमानिक शास्त्र' ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली विमानं उडणं अशक्य!

राइट बंधूंच्या इंजिनाचा मात्र चोख हिशेब लागतो. मोटार कंपन्यांकडे हवं तसं हलकं इंजिन मिळेना, तेव्हा त्यांच्याच सायकल दुकानातला मिस्त्री चार्ली टेलर कामाला लागला. हाताशी एक लेथ, एक ड्रिल आणि हातची अवजारं. पोलादाच्या ठोकळ्यातून त्यानं क्रँकशाफ्ट काढला. क्रँककेस वजनासाठी ॲल्युमिनियमची ओतवून घेतली. सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं, सुमारे १२ अश्वशक्तीचं इंजिन तयार! पेट्रोल वरच्या टाकीतून आपलं आपण खाली यायचं, आणि पंखे फिरवायला सायकलसारखीच साखळी. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिलं उड्डाण झालं : १२ सेकंद, १२० फूट. राइट बंधू शाळेच्या पुस्तकात गेले; टेलर दुकानातच राहिला.

अभिमानच बाळगायचा तर तोही उपाशी राहत नाही. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात चारचौघांसमोर ठेवलं. या, हात लावून पाहा!

दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन आधी कालचं भाषण मागं घेतलं, मग टेलरची गोष्ट सांगितली. मिस्त्रींनी पहिल्यांदाच मान वर केली.

"सायकलवाल्यानं बनवलं जी?"

"सायकलवाल्यानं."

पंक्चरचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. खरं बोलल्याबद्दल मला मिळालेलं ते पहिलंच मानधन.